दारावरचे तांदूळ

दाराच्या चौकटीला, खांद्याच्या उंचीवर, एक प्लास्टिकचा पेला टांगलेला होता. पिण्याच्या पाण्याचे विकतचे पेले मिळतात ना, वरचं झाकण फाडून प्यायचे, त्यातलाच एक. दोन बाजूंना भोकं पाडून तार ओवलेली. आत डोकावलो तर तळाशी तांदूळ. फार नाहीत, चिमटीत मावतील एवढेच. वाटलं, चिमण्यांसाठी असतील. मग शेजारच्या दाराकडे नजर गेली. तिथंही पेला. त्याच्या पलीकडच्या दारावर नारळाची करवंटी. वाटेच्या टोकापर्यंत प्रत्येक दारावर चिमूटभर तांदूळ.

इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं हे गाव. योग्यकर्ता शहराच्या उत्तरेला स्लेमान जिल्हा आहे, तिथं मेरापी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर. खालच्या अंगाला भाताची खाचरं, वरच्या अंगाला सालाक या फळाच्या बागा. एका मित्राच्या ओळखीनं मी तिथं पाच रात्री राहिलो. यजमानांना मी ‘पाक’ म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला ‘बू’. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची तिकडे पद्धत नाही, बाबा आणि आई म्हणायची आहे. त्यांचा मुलगा शहरात शिकतो. तो सुट्टीत घरी आला होता, म्हणून आमचं बोलणं चालायचं.

“जिम्पितान,” पेल्याकडे बोट दाखवून बू म्हणाल्या आणि तीन बोटांची चिमूट करून दाखवली. जावी भाषेत जिम्पित म्हणजे चिमूट. रात्री गावची माणसं येतात आणि हे तांदूळ घेऊन जातात, एवढंच त्या वेळी मला कळलं.

मी शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या विहिरीवरची मोटार तीन वर्षांत दोनदा चोरीला गेली. दुसऱ्या वेळी चोरांनी केबलही उपसून नेली. फिर्याद दिली, कागद झाले, मोटार काही परत आली नाही. त्यानंतरचे दोन हिवाळे वडील विहिरीवरच झोपले आणि त्या थंडीनं त्यांची छाती कायमची धरली. म्हणून परक्या मुलखात गेलो तरी माझं लक्ष आधी कड्याकोयंड्यांकडे जातं. माणसं आपलं किडूकमिडूक कसं राखतात, रात्री निर्धास्त झोपतात का, हे मला बघायचं असतं.

गावात शिरतानाच एक पाटी लागली होती. पाहुण्यानं चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी, असं तीवर लिहिलेलं. मला वाटलं, पोलीस ठाण्यात जावं लागणार. पण पाक मला घेऊन गेले ते चार घरं सोडून राहणाऱ्या एका शेतकऱ्याकडे. ते नुकतेच खाचरातून आले होते आणि हौदावर पाय धूत होते. हे ‘पाक आरटी’. आरटी म्हणजे रुकुन तेतांग्गा, शेजाऱ्यांचा मेळ. तीस-चाळीस घरांचा एक आरटी, असे काही मिळून एक आरडब्ल्यू. आरटीचा प्रमुख शेजाऱ्यांनीच निवडायचा. त्या माणसाचं नाव मला पाच दिवसांत एकदाही ऐकू आलं नाही. लहानथोर सगळे त्यांना पाक आरटीच म्हणत.

त्यांनी हात पुसले, वही काढली आणि पासपोर्टवरचं माझं नाव एकेक अक्षर बघून उतरवून घेतलं. मग विचारलं, किती दिवस? कुणाच्या घरी? काय खात नाही? आणि शेवटी, काही दुखणं आहे का, रोजच्या गोळ्या आहेत का? शेवटचा प्रश्न ऐकून मी चकित झालो. त्यांनी शांतपणे सांगितलं, “रात्री काही झालं तर धावत येणार आम्ही. आम्हाला ठाऊक नको?”

जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे, सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत त्यावर १५ कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. तेव्हा जमिनीचं काय होत असेल ते बघा. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमिनीवर घर चालवणारी कुटुंबं जावात गावोगाव आहेत. आमच्या पाकांची सालाकची बाग वीस गुंठेही नव्हती, आणि भाताचं एक खाचर ते दुसऱ्याचं ‘मारो’ पद्धतीनं करत होते, म्हणजे निम्मं पीक मालकाला आणि निम्मं कसणाऱ्याला. आपल्याकडे अर्धेलीनं करतात तसंच.

एवढ्या टीचभर जमिनीला कुंपण नसावं, याचं मला फार नवल वाटत राहिलं. घरामागच्या परसाला पेकारांगान म्हणतात. त्यात नारळ, केळी, फणस, पपई, कसावा, कोंबड्या, सगळं दाटीवाटीनं. कडेला गुडघ्याएवढी जास्वंदीची रांग असली तर असली. आणि गावच्या पायवाटा या परसांमधूनच जातात. शाळेची पोरं बूंच्या स्वयंपाकघराच्या दारावरून जायची, जाताना “बू!” म्हणून हाक द्यायची. बूंची नजर दिवसभर त्या वाटेवर असायची आणि वाटेवरच्यांची बूंच्या दारावर. आमच्याकडे बांधावरून भाऊ भावाचं तोंड बघत नाही. इथं बांधावर चवळीच्या शेंगा लावलेल्या आणि पलीकडचा शेतकरी खुशाल त्यावरून चालत जाणारा.

जमीन कुणाची, हे मात्र इथं कुणी हवेवर सोडलेलं नाही. पाकांनी कपाटातून, म्हणजे त्यांच्या ‘लेमारी’तून, हिरव्या पुठ्ठ्याची सनद काढून दाखवली. हक्काच्या मालकीला ‘हाक मिलिक’ म्हणतात. १९६० च्या शेतजमीन कायद्यानं तो हक्क ठरवून दिला आणि २०१७ पासून सरकारनं गावोगावच्या जमिनी मोजून सनदा द्यायची मोठी मोहीम चालवली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या सगळा आधार होता तो गावच्या कचेरीतल्या ‘लेटर सी’ नावाच्या वहीचा. डच अमदानीतल्या शेतसाऱ्याची ती नोंद. सारा कुणी भरला एवढंच ती सांगते, पण लोक तिलाच मालकी मानत आले. सातबाऱ्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावच्या अधिकाऱ्यांना पगाराच्या जागी कसायला मिळते ती जमीन ‘बेंगकोक’. पद सुटलं की जमीनही सुटते. आपल्या वतनी जमिनी पिढीजात झाल्या आणि त्यांच्यावरून घराणी फुटली, हे आठवून मला त्या एका अटीचं मोल जाणवलं.

वाटणीची रीत ऐकताना तर मी वहीच काढली. जुन्या जावी रिवाजात मुलाचा वाटा म्हणजे कावड, मुलीचा वाटा म्हणजे पाठीवरची एक पाटी. पुरुष खांद्यावर कावड घेतो, तिला दोन टोपल्या. बाई पाठीशी कापडात बांधून एक टोपली नेते. म्हणून दोनास एक. पण पाकांच्या घरात भावाबहिणींनी सारखंच वाटून घेतलं होतं, आणि हेही तिथं तितकंच जुनं आहे. पाकांची बहीण शेजारच्याच घरात राहते, आपल्या स्वतःच्या जमिनीवर. संध्याकाळी ती भाजीची वाटी घेऊन आली तेव्हा तिच्याकडे बघताना मला माझ्या आत्या आठवल्या, हक्कसोड लिहून दिलेल्या.

दिवेलागण झाली की गावभर एकच आवाज सुरू होतो, दुचाक्या घरात घेण्याचा. दिवसा अंगणात बेवारशी पडल्यासारखी दिसणारी मोटारसायकल उंबऱ्यावर फळी टाकून थेट बैठकीच्या खोलीत येते आणि कोचाशेजारी उभी राहते. मी तिच्याच शेजारी बसून रात्रीचा चहा प्यायलो. म्हणजे चोरी इथंही होते. दुचाकी जाते, कोंबड्या जातात, गुरं जातात. तिथले लोक तसं मोकळेपणानं सांगतात. गुरांसाठी तर गावाच्या कडेला एक सामायिक गोठा होता, दहा-बारा घरांच्या गाई ओळीनं बांधलेल्या. मालक वेगवेगळे, वैरण ज्याची त्यानं कापून आणायची, आणि रात्रीच्या राखणीच्या पाळ्या लावलेल्या. आमचा बाप दोन हिवाळे एकटा झोपला.

तिसऱ्या रात्री पाकांची पाळी होती आणि मी त्यांच्याबरोबर निघालो.

चौकात एक चौथरा, वर कौलं, तीन बाजूंनी बांबूचा तट्ट्या. हे चौकीचं ठिकाण, ‘पोस रोंडा’. रोंडा हा शब्द पोर्तुगिजांचा. जुन्या मराठीत रात्रीच्या गस्तीला रोंद म्हणत, तो ओळखीचा शब्द इथं भेटला. भिंतीवर सात वारांची फळी आणि प्रत्येक वाराखाली घरांची नावं. घरटी एक पुरुष, आठवड्यातून एक रात्र. शिक्षक असो, गवंडी असो, सुटका नाही. चुकला तर पैसे भरायचे. त्या पैशांना म्हणतात ‘देंदा’, आपला दंड. राखण करण्याला म्हणतात ‘जागा’, आपलं जागणं. धोक्याला ‘बाहाया’, म्हणजे भय. जीव तो ‘जिवा’, अर्थ तो ‘हार्ता’, आणि सगळं ठीक असेल तर ‘आमान’, अमन. समुद्रापलीकडच्या त्या चौथऱ्यावर बसून हे शब्द एकामागून एक कानावर पडत होते आणि आपल्याच गावच्या पारावर कुणी बोलतंय असं वाटून अंगावर काटा येत होता.

आढ्याला हातभर लांबीचा, पोट कोरलेला फणसाचा ओंडका टांगलेला होता. हा केंतोंगान. शेजारी फळीवर ठोक्यांची भाषा लिहिलेली. एकेक ठोका पडला तर कुणाचा तरी खून झाला. दोन-दोन पडले तर चोरी, तीन-तीन तर आग, चार-चार तर निसर्गाचा कोप. आणि पाच-पाच ठोके कशाचे, तर जनावर चोरीला गेल्याचे. गाईच्या चोरीला गावानं वेगळा ठोका राखून ठेवलाय, हे वाचून मी बराच वेळ त्या फळीसमोर उभा राहिलो. सगळं सुखरूप असेल तर वाजवायचा तो ‘दोरो मुलुक’, उंच उडालेलं कबुतर: आधी संथ, मग चढत जाणारा, मग पुन्हा उतरून थांबणारा.

चहा झाला, उकडलेला कसावा झाला, लवंग घातलेल्या सिगरेटींचा गोड धूर झाला. कुणी पत्ते काढले. एकच्या सुमाराला चौघं उठले. एकाकडे बॅटरी, एकाकडे पत्र्याचा डबा, आणि मी मागे.

पहिल्या दाराशी थांबले. पेला उलटा केला. डब्यात तांदूळ पडल्याचा आवाज झाला, पावसाचे पहिले चार थेंब पत्र्यावर पडावेत तसा. पेला पुन्हा तारेला. बॅटरीचा झोत दारावरून, खिडकीवरून, कडेच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून फिरला. पुढचं दार.

पाचव्या-सहाव्या घराशी मला सगळी गोम उमगली, आणि उमगली तेव्हा मी चालता चालता थांबलो. पहारेकऱ्याला पगार द्या, शिट्टी द्या, तो चौकात बसूनही पहाट करील. पण प्रत्येक दारावर चिमूटभर तांदूळ ठेवलेत म्हटल्यावर त्याला प्रत्येक दारापर्यंत चालत जावंच लागतं. सकाळी पेल्यात तांदूळ तसेच दिसले तर घरधनी विचारणार, रात्री कुठं होतात? आणि रात्री पेला रिकामा दिसला तर पहारेकरी विचारणार, घरात सगळं बरं आहे ना? इतकं साधं आणि इतकं पक्कं कुलूप मी दुसरं पाहिलेलं नाही.

गावाच्या वरच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. एकटीच राहते. तिचा पेला रिकामा होता. डबेवाला थबकला. “म्बाह?” त्यानं हलक्या आवाजात हाक दिली, आजीआजोबांना म्बाह म्हणतात. उत्तर नाही. दुसऱ्यानं खिडकीच्या फळीवर बोटांनी टकटक केली. मग आतून खोकला आला आणि कण्हल्यासारखं काहीतरी. तापानं निजली होती, संध्याकाळपासून उठलीच नव्हती. एकजण आत गेला, पाणी गरम केलं. एकजण तिच्या भाचीच्या घराकडे पळाला. आम्ही अंगणात थांबलो. दहा मिनिटांत भाची डोक्याला ओढणी गुंडाळत आली आणि चौघं पुढच्या दाराकडे वळले. कुणी त्यावर एक शब्दही बोललं नाही. म्हातारीच्या घरून पाळीला पुरुष येत नाही, म्हणून काही तिचं दार फेरीतून गळलेलं नव्हतं.

फेरी संपल्यावर डबा तोलला. जमलेले तांदूळ विकून पैसे आरटीच्या खात्यात जातात. कुणाच्या आजारपणाला, मयताला, चौकातल्या दिव्याला. पुष्कळ गावांनी आता तांदळाऐवजी नाणं ठेवायला सुरुवात केली आहे. पाक आरटी म्हणाले, आम्ही तांदूळच ठेवतो. नाण्यांचा डबा फिरवत हिंडायला पोरांना संकोच वाटतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर मी अर्धंच सांगितलं असतं. शेजाऱ्यांची ही बांधणी मुळात आली ती जपानी फौजांबरोबर. १९४२ ते १९४५ या काळात जावा जपानच्या ताब्यात होतं आणि त्यांच्या ‘तोनारिगुमी’ या शेजारगटांची पद्धत १९४४ मध्ये इथं लावली गेली. धान्य वसूल करायला आणि माणसांवर नजर ठेवायला. जपानी गेले, बांधणी राहिली. १९६५-६६ मध्ये साम्यवादी ठरवून लाखो माणसं मारली गेली, किमान पाच लाख असं मानतात, आणि मध्य जावातल्या खेड्यांतही ते रक्त सांडलं. कोण कुठल्या घरात राहतो हे गावालाच ठाऊक होतं. सुटून आलेल्या राजकैद्यांच्या ओळखपत्रावर पुढे कित्येक वर्षं ‘ईटी’ ही दोन अक्षरं छापलेली असत; माजी कैदी, अशी खूण. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत १९८० च्या दशकात गस्तीच्या या चौक्या सरकारी हुकमानं देशभर पक्क्या झाल्या. त्याही नजर ठेवायलाच.

आणि चोर सापडला तर? चौथऱ्यावर मी हा प्रश्न विचारला तेव्हा पत्ते थांबले. ‘मालिंग’, म्हणजे चोर, अशी आरोळी उठली की कधी कधी पोलीस येण्याआधीच जमाव माणसाला संपवतो, हे इंडोनेशियात घडत आलं आहे. एका वयस्कर माणसानं खाली बघत उत्तर दिलं. म्हणाला, ठोका वाजवणं सोपं आहे, नंतर हात थांबवणं अवघड. म्हणून पाक आरटीला आधी उठवायचं, असा आमचा नियम. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावचा एक फासेपारध्याचा पोरगा आला, मोटार चोरल्याच्या नुसत्या संशयावरून बांधून घातलेला. मला तो चहा पुढे गिळवेना.

गावच्या माथ्यावर मेरापी उभा आहे. सकाळी सहाला स्वच्छ दिसतो, शेंड्यावर पांढऱ्या वाफेचा तुरा. आठपर्यंत ढगांत जातो. २०१० मध्ये तो फुटला तेव्हा साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. योग्यकर्ताच्या राजवाड्यानं नेमलेले पर्वताचे राखणदार म्बाह मारिजान २६ ऑक्टोबरला आपल्या घरातच गेले; त्यांच्या पदाचं नाव ‘जुरू कुन्ची’, किल्ली सांभाळणारा. ५ नोव्हेंबरला धोक्याची हद्द वीस किलोमीटरवर गेली आणि हे सगळं गाव रिकामं झालं. सालाकच्या झावळ्या राखेच्या वजनानं मोडून पडल्या.

पण माणसं छावणीत बसेनात. गाई मागे राहिल्या होत्या. शेतकरी पहाटे दुचाकीवरून राखेतून वर जायचे, वैरण टाकायचे, परत यायचे. सरकारला अखेर गुरं विकत घेऊ असं सांगावं लागलं. पाक म्हणाले, “मी पण जायचो. बू रडायच्या. पण दावणीला बांधलेलं जनावर आहे, त्याला काय सांगणार?” हे त्यांनी बागेत उभं राहून सांगितलं, नर सालाकचा फुलोरा हातात धरून. सालाकची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. नराचा फुलोरा आणून मादीच्या फुलोऱ्यावर हातानं झटकावा लागतो, मग फळ धरतं. झाडाला बोटभर काटे. पाकांच्या मनगटांवर त्यांचे पांढरे ओरखडे होते, जुन्यावर नवे. राखेतून ही बाग त्यांनी पुन्हा उभी केली, एकेक फुलोरा झटकून. आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून पर्वत पुन्हा ‘सियागा’ पातळीवर आहे, चार पायऱ्यांतल्या तिसऱ्या. ज्या ओंडक्यावर गाईच्या चोरीचे पाच ठोके वाजायचे त्याच्यावरच निसर्गाच्या कोपाचे चार ठोकेही वाजायचे आहेत.

मी विचारलं, गाव रिकामं होतं तेव्हा घरं कुणी राखली?

“पाळ्या लावल्या,” पाक म्हणाले. “छावणीतून.”

शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर बूंनी तांदळाचा डबा माझ्यापुढे केला आणि दाराकडे मान हलवली. मी चिमूट घेतली. जरा मोठी झाली असावी. त्यांनी हसून माझ्या बोटांतले दाणे थोडे परत डब्यात झटकले. घर गरीब असो की सधन, चिमूट सारखी. मी बाहेर गेलो आणि पेल्यात तांदूळ टाकले.

रात्री केव्हातरी जाग आली. माझी खोली वाटेच्या बाजूला होती. आधी चपलांचा आवाज, मग दबक्या गप्पा, मग खिडकीच्या फटीतून बॅटरीचा उजेड भिंतीवर सरकत गेला आणि कोचाशेजारच्या मोटारसायकलीच्या आरशावर क्षणभर चमकला. पत्र्यावर चार थेंब पडले. तार चौकटीला खुट्ट करून लागली.

पावलं पुढच्या दाराशी गेली. तिथं पुन्हा चार थेंब. मग त्याच्या पुढच्या. वरच्या टोकाच्या म्हातारीच्या घरापर्यंत ऐकायचं असं मी ठरवलं होतं, पण त्याआधीच मला झोप लागली.